रावजीची भट्टी

१९३१ साली आमच्या नाटक कंपनीचा मुक्काम रेवदंड्याला होता. तिथल्या रावजी पाववाल्याने सुपारीची वाडी विकून मुंबईहून आगीत न फुटणाऱ्या विटा आणल्या. नव्या भट्टीसमोर काय तोरा त्याचा! राजाच्या भूमिकेत मलाही तो कधी साधला नाही.

गवंड्याने मात्र गावच्या रीतीने विटा शिंपल्यांच्या चुन्यातच बसवल्या. आठवड्यात चुना जळून भुगा झाला आणि कमान कोसळली. या विटांना खास माती लागते हे कळलं, तेव्हा रावजीकडे विकायला काही उरलं नव्हतं.

"विटा तर शाबूत आहेत, रावजी," मी म्हणालो.

"व्हय बुवा, आता त्याच खातो."

शेजारची आवडाबाई चुलीसाठी दोन विटा मागायला आली.

"चार ने, आवडाबाय," रावजी म्हणाला. "मला काय उपेग?"