गावात नसलेल्या तेवीस बाया

काही प्रकरणं फाइल बंद झाली की डोक्यातूनही जातात. हे गेलं नाही. नोकरीत खून पाहिले, दरोडे पाहिले, पण कोणी म्हणालं की ‘साहेब, एखादी लक्षात राहिलेली केस सांगा’, तर मी हीच सांगतो, आणि ऐकणाऱ्याचा चेहरा उतरतो. कारण यात रक्त नाही, चोरीही नाही. तक्रार एवढीच होती की मतदार यादीत तेवीस बायांची नावं होती आणि त्या नावाची एकही बाई गावात नव्हती.

या आठवणींत कोणाचंच नाव द्यायचं नाही, असं मी ठरवलं आहे. जिच्यावाचून ही हकिकत पुढे सरकत नाही तिला यमुना म्हणू. तिचं खरं नाव वेगळं होतं.

ऐंशीचं दशक संपत आलं होतं. तेलंगण वेगळं व्हायचं होतं. नेरडीगोंड्याला हायवे सोडून बरंच आत गेलं की एक ठाणं लागायचं, तिथे मी सब-इन्स्पेक्टर होतो. आमचं घराणं निजामाच्या काळापासून आदिलाबादेत नोकरीपेशातलं. घरी मराठी, ऑफिसात तेलुगू आणि अर्जात, म्हणजे दरखास्तीत, उर्दू, असा आमचा तिरपागडा कारभार. सीमेवरच्या मराठी गावांचं काही निघालं की वरचे साहेब म्हणत, ‘ते तुमचेच लोक, तुम्हीच बघा.’ मलाही वाटायचं, आपल्या लोकांचं आपल्याला सगळं कळतं.

एका बुधवारी सकाळी हजेरी चालू असतानाच एका गावचे पटेल ठाण्यात आले. पटेलकी सरकारने केव्हाच काढून घेतली होती, पण गाव त्यांना पटेलच म्हणायचं आणि तेही स्वतःला तसंच समजायचे. पन्नाशीचा माणूस, पांढरंशुभ्र धोतर. हातात मतदार यादीच्या मसुद्याची झेरॉक्स.

“साहेब, माह्या घरात एक बाई घुसवली.”

“कुठून घुसवली?”

“यादीत! हे पाहा. यमुना, अन् नवरा म्हणून माहं नाव. माह्या बायकोचं नाव लक्ष्मी. तीस वर्सं झाली लग्नाले. आता पोट्टे इचारून राह्यले, पटेल, ही यमुना कोन?”

आमच्या हेड कॉन्स्टेबलने खोकल्याचं निमित्त करून बाहेरचा रस्ता धरला. मी कसाबसा चेहरा सरळ ठेवला.

“लक्ष्मीबाईंचं नाव आहे का यादीत?”

“बायांचं काऊन टाकाव? त्यायले काय समजते त्यातलं?”

मग त्यांनी मुद्द्याचं सांगितलं. यमुना एकटी नव्हती. अशी तेवीस नावं होती, सगळी नवी, सगळी बायांची, आणि त्यांतली एकही बाई गावात नव्हती. ही नावं भरली होती ट्रस्टच्या ताईने.

हा ट्रस्ट आदिलाबादच्या एका म्हाताऱ्या जिनिंगवाल्याचा, म्हणजे कापसातली सरकी काढायच्या गिरणीच्या मालकाचा. ज्यांची नावं यादीत नाहीत त्यांची घालायची, रिकामी पेटी नेऊन शिक्का कसा मारतात ते शिकवायचं, चालवत नाही अशांना केंद्रापर्यंत बैलगाडी द्यायची, एवढं त्याचं काम. मत कोणाला द्यायचं याबद्दल अवाक्षर काढायचं नाही, हा नियम. गावोगाव फिरायला त्यांनी एक बाई नेमली होती. आधी शाळेत शिकवायची. सगळे तिला ताई म्हणत.

मला तो ट्रस्ट पहिल्यापासून खुपत होता. आवळा देऊन कोहळा काढणारे मी पुष्कळ पाहिले होते. स्वतःचा पैसा घालून लोकांना मतदानाला न्यायचं आणि बदल्यात काहीच मागायचं नाही, हे कोणत्या पोलिसाला पटेल? यामागे कोणीतरी उमेदवार आहे, असं मी ठाण्याच्या रोजनिशीत, जी.डी.त, नोंद करायच्या आधीच मनात पक्कं केलं होतं.

यादीत खोटं निवेदन केलं तर वर्षभरापर्यंत कैद होते. शिवाय मंडल रेव्हेन्यू ऑफिसरने, म्हणजे तिकडच्या तहसीलदाराने, हरकतींची सुनावणी सोमवारी ठेवली होती. तेव्हा मतदाराचं ओळखपत्र नव्हतं. सुनावणीत नावाचा तीनदा पुकारा व्हायचा. तिसऱ्या पुकाऱ्यालाही कोणी उठलं नाही तर नाव खोडलं जायचं. माझ्या हातात चार दिवस होते.

गुरुवारी मी गावात गेलो, पटेलांना बरोबर घेतलं आणि घरोघर पुकारा केला. ही माझी चूक, पण ती मला नंतर कळली. ओट्यावर बसलेल्या पुरुषाला विचारायचं, “अमुक बाई इथे राहते का?” तो म्हणायचा, “या नावाची कोनी नाई, साहेब.” दाराआड पदर हलायचा, तो मी पाहत होतो. असे बावीस उंबरे झाले. तेविसावं घर पटेलांचंच. तिथे त्यांनी स्वतःच आवाज दिला, “काहो, यमुना नावाची कोनी हाये का आपल्या घरात?” आतून भांड्याचा आवाज आला, उत्तर आलं नाही. पटेल म्हणाले, “पाह्यलं?” मी पंचनामा लिहिला, दोन पंचांच्या सह्या घेतल्या. इतकी सरळ केस मला क्वचितच मिळाली होती.

शुक्रवारी ताईकडे गेलो. बाईमाणसाला चौकशीसाठी ठाण्यात बोलावता येत नाही, म्हणून तिथल्या शाळामास्तरांच्या बायकोला सोबत घेऊन तिच्या भाड्याच्या खोलीवरच गेलो. चाळिशीची, बारीक अंगाची बाई. कोपऱ्यात ती शिकवायची लाकडी पेटी होती, तिच्यावर कुठल्याच पक्षाचं चिन्ह नव्हतं. आंबा, कंदील आणि चप्पल अशी तिने स्वतः काढलेली चित्रं होती. फॉर्मच्या प्रती मी ताब्यात घेतल्या.

“नावं खोटी आहेत,” मी म्हणालो.

“नाहीत. त्यांनी सांगितली, मी लिहिली.”

“मग त्या बाया कुठे आहेत?”

“गावातच आहेत.”

“चला, दाखवा.”

“नाही दाखवणार.”

दोन तास मी उलटसुलट विचारलं. पैसा कोणाचा, उमेदवार कोण, तुला महिन्याला काय मिळतं. बाकी सगळ्याची उत्तरं तिने दिली, पण बाया दाखवायला तयार नव्हती. शेवटी मी आवाज चढवला.

“बाई, जेलात जाल!”

“जाईन,” ती म्हणाली. “पण सोमवारी नावं खोडू नका, साहेब. मी त्यायले शब्द दिला हाय. ज्याचं नाव त्यानं सांगावं, दुसऱ्यानं नाही.”

इतका वेळ शुद्ध बोलणारी बाई रागात घरच्या बोलीवर आली होती. खोटं बोलणारा माणूस स्वतःला वाचवायला बघतो. ही बाई स्वतःला सोडून त्या नावांना वाचवत होती. हे मला खटकलं, आणि खटकलेलं सोडायचं नाही ही माझी खोड.

शनिवारी सकाळी आदिलाबादला जाऊन त्या जिनिंगवाल्याला गाठलं. ऐंशीच्या घरातला म्हातारा, कानाला यंत्र. मी सरळच विचारलं, “यात तुम्हाला काय मिळतं?”

“माहं सारं कापसावर उभं झालं,” तो म्हणाला. “कापूस बाया येचतात. पन आमच्या वजनकाट्याच्या चिठ्ठीवर चाळीस वर्सं नाव नवऱ्याचं. एका बाईचं नाव मी लिहिलं नाई. आता म्हनलं, कुठंतरी लिहू.”

“आणि मतं कोणाला?”

“तुमी पोलीस हाव, तुमीच पता लावा,” म्हणून तो खो खो हसला.

उत्तर चांगलं होतं, पण चांगल्या उत्तराने केस सुटत नाही. दुपारी ठाण्यात परतून मी फॉर्म टेबलावर पसरले. सह्या नव्हत्या, अंगठे होते. ताईने किंवा दुसऱ्या कोणी एकीनेच सगळे उठवले असतील तर भिंगाखाली ते लगेच दिसलं असतं. भिंग घेतलं. तेवीस फॉर्म, तेवीस निराळे अंगठे. आणि बहुतेक प्रत्येक ठशात बारीक पांढऱ्या रेघा, चिरा पडल्यासारख्या. कापसाच्या बोंडाची वाळकी टोकं बोटात रुततात. हंगामभर वेचणी केलेल्या बाईच्या बोटाला अशा चिरा असतात.

बाया होत्या तर! अंगठे खरे, नावं तेवढी कोणाला माहीत नव्हती.

मग माझ्या डोक्यात उजेड पडला, आणि मी स्वतःला शिव्या घातल्या. आमच्याकडे लग्नात सुनेचं नाव बदलतात. माझ्या बायकोचं मीच बदललं होतं, ताटातल्या तांदळात अंगठीने लिहून. पुढे गावात तर तेही नाव कोणी घेत नाही. ती कोणाची तरी माय होते, नाहीतर माहेरच्या गावावरून ‘किनवटवाली’ होते. माहेरचं नाव सासरी काढलं तर सासरच्यांनी ठेवलेल्या नावाचा अपमान होतो, घरात भांडण लागतं. ताईने त्यांना विचारलं असेल, तुमचं नाव काय? आणि त्यांनी आपलं नाव सांगितलं, घरी कळू द्यायचं नाही या शब्दावर. मी मात्र ते ओट्यावरच्या पुरुषांना विचारत बसलो.

रविवारी सकाळी टोपी काढून, एकटाच, पटेलांना न सांगता कापसाच्या शेतात गेलो. बाया ओळीने वेचत होत्या. कमरेला ओटीचं फडकं बांधलेलं, त्यात कापूस. मी बांधावरच थांबलो. नावं वाचली नाहीत.

“उद्या रेव्हेन्यू ऑफिसात सुनावणी आहे,” मी म्हणालो. “नाव तीनदा पुकारतील. उठलं नाही कोणी, तर खोडतील. ताईंवर खटला भरावा लागेल. त्यांनी मला काही सांगितलेलं नाही. मीही कोणाला काही विचारत नाही.”

कोणी मान वर केली नाही. मधल्या ओळीतली एक बाई हात न थांबवता म्हणाली, “तेथं गडीमानसं रायतीन?”

“राहतील.”

“पटेल?”

“तक्रार त्यांचीच आहे. तेही राहतील.”

ती पुन्हा बोंडाकडे वळली. मी आलो तसा परत गेलो.

सोमवारी रेव्हेन्यू ऑफिसचा व्हरांडा गच्च भरला होता. पुरुष पुढे, बाया मागे भिंतीला टेकून. ताई एका खांबाशी उभी होती, हात घट्ट जुळवलेले. अधिकारी तेलुगू, तरुण, घाईत. शिपायाने यादीतलं पहिलं नाव पुकारलं.

“यमुना! हाजिर है?”

कोणी नाही. पटेलांनी माझ्याकडे बघून मान डोलावली.

“यमुना! हाजिर है?”

बायांच्या रांगेत बांगड्या वाजल्या, बस. अधिकाऱ्याने पेन उघडलं. मी पोलीस, मला कोणाची बाजू घ्यायची नव्हती, पण खरं सांगतो, त्या घटकेला मी मनातल्या मनात देवाचा धावा केला.

“यमुना! हाजिर है?”

“हाव. हाजिर हाये.”

कालची तीच बाई. पदर डोक्यावर होता, पण चेहरा उघडा. पटेल गर्रकन वळले आणि त्यांचं तोंड उघडंच राहिलं.

“तू? तुहं नाव तं लक्ष्मी हाये!”

“ते तुमच्या घरचं. माह्या बापानं यमुना ठेवलं होतं.”

“मले काऊन नाई सांगतलं, तीस वर्सं?”

“तुमी काऊन नाई इचारलं?”

पटेल खाली बसले. अधिकाऱ्याला मी हिंदीत सगळा प्रकार सांगितला. त्याने पुरावा मागितला. शाईचा पॅड पुढे केला, बाईने अंगठा उठवला. मी भिंग धरून फॉर्मवरचा ठसा आणि हा ठसा त्याच्या पुढ्यात ठेवला. दोन्हीत उजव्या कडेला चिरेची तीच रेघ. “ठीक है, नाम रहेगा,” तो म्हणाला.

पुढचं नाव पुकारलं, तेव्हा पहिल्याच हाकेला उत्तर आलं. एकीमागून एक उठत गेल्या. काहींचे नवरे खाली बघत होते. एक म्हातारा मात्र बायकोकडे वळून म्हणाला, “चांगलं नाव हाये की तुहं!” आणि सगळे हसले. तेवीसपैकी एकोणीस उठल्या. चार नावांना तीन पुकारे झाले आणि ती खोडली गेली. त्या चौघी तिथेच होत्या की घरी राहिल्या, मला माहीत नाही. ताई त्या चार नावांसाठी रडली. एकोणीस राहिली याचा आनंद करायचं तिला सुचलंच नाही. तिच्यावरची तक्रार मी त्याच दिवशी बंद केली आणि तिची माफी मागितली. ठाणेदाराने माफी मागायची पद्धत नव्हती, पण मागितली.

पुढे निवडणुकीला त्याच गावात माझा बंदोबस्त होता. ट्रस्टच्या बैलगाडीतून तीन म्हाताऱ्या आल्या. ताई केंद्रापासून लांब, चिंचेखाली बसून होती. पटेल आणि त्यांची बायको वेगवेगळ्या रांगांत उभे होते. कोणी कोणाला मत दिलं हे मला कळलं नाही, आणि त्या म्हाताऱ्या जिनिंगवाल्यालाही नाही. त्याला काय मिळालं, हा माझा प्रश्न मात्र मिटला.

या केसने मला पोलिसी कामाचं एक शिकवलं. माणूस सापडत नाही तेव्हा आधी बघावं, आपण विचारतोय कोणाला. पुढे प्रत्येक पंचनाम्यात मी बाईचं नाव तिच्याच तोंडून ऐकून लिहिलं. कोणी पुरुष मध्ये बोलला तर त्याला बाहेर काढलं. त्यावरून माझ्याविरुद्ध अर्जही झाले. झाले तर झाले.

सुनावणीनंतरच्या सुट्टीत मी आदिलाबादला घरी गेलो. आई पुढ्यात सूप घेऊन ज्वारी निवडत होती. मी जवळ बसलो. माझं वय तेव्हा चाळिशीच्या पुढे.

“आई, तुझं माहेरचं नाव काय होतं?”

तिचा हात थांबला. “काऊन रे? कोनाची दरखास्त आली का?”

“नाही. मलाच विचारायचं आहे.”

तिने सुपातले दोन खडे वेचून टाकले. मग हळूच सांगितलं आणि मला ते म्हणून दाखवायला लावलं, नीट ऐकलं की नाही ते बघायला. ते नाव मी इथे लिहीत नाही. ज्याचं नाव त्यानं सांगावं.