रंगाखाली अडकलेली अर्थिंग

मुलुंडच्या आमच्या चाळीत दत्ताराम परबाला सगळे 'दर्यावर्दी' म्हणत, आणि स्वारी जन्मात कधी होडीत बसलेली नव्हती! गडी गिरणीतला वायरमन. संपात गिरणी बंद पडली तशी त्याने जुनी मॅटाडोर व्हॅन घेतली, आत पलंग ठोकला, बॅटरीवर इन्व्हर्टर बसवला, त्यावर टेबलफॅन. अंगणात उभ्या गाडीत दुपारी आडवा झाला की तो वारा त्याला अलगद देवगडच्या किनाऱ्यावर नेऊन ठेवायचा. मिटल्या डोळ्यांनी पुटपुटायचा, "भरती आली..."

"नळाला पाणी आलं रे दत्तू, बादली घे!" आम्ही ओरडायचो. त्याला ऐकू यायचं नाही.

दसऱ्याला बायकोला, रत्नप्रभेला, घेऊन खरोखरच देवगडला निघायचं ठरलं. पूजेआधी त्याने गाडी बाहेरून आभाळी रंगवली. बाहेरून म्हणजे खालचा लोखंडी सांगाडा, चेसिससुद्धा, एकावर एक तीन हात! मग पंख्याची अर्थिंगची हिरवी तार चेसिसला बोल्टने आवळली आणि बोल्टलाही हळदकुंकू वाहिलं.

रत्नप्रभा ओल्या पायांनी आतल्या उघड्या पत्र्यावर उभी राहिली, पंखा आपल्याकडे वळवायला गेली आणि झटका बसून किंचाळत बाहेर आली.

"तुमका माका मारूचा आसा काय? मी नाय बसूचंय ह्या गाडयेत!"

दत्तारामाचा समुद्रच आटला. तिच्याशिवाय कसला किनारा?

इन्व्हर्टर बंद करून तो गाडीखाली शिरला. टेस्टलॅम्पचं एक टोक बॅटरीला जोडलं, दुसरं टोक बोल्टला लावलं. दिवा गप्प. रंग चुकलेल्या एका कोपऱ्यात नुसत्या लोखंडाला लावलं, लख्ख पेटला. बोल्ट आपला रंगावर बसलेला, लोखंडाला शिवलाच नव्हता!

"आभाळ खरवडावं लागणार," तो हळूच म्हणाला.

"खरवड रे, बायको आधी की रंग आधी?" आम्ही.

त्याने पॉलिश पेपरने रुपयाएवढी जागा चकचकीत केली, बोल्ट आवळला, इन्व्हर्टर आणि पंखा चालू केला. फट्! फ्यूज उडाला.

"आता काय झाला?" रत्नप्रभा दुरूनच.

"तुला बसायचा तो झटका फ्यूजने घेतला गो."

पंख्याच्या आत एक वायर घासून पंख्याच्याच पत्र्याला टेकली होती. ती बदलली, नवा फ्यूज घातला. पंखा फिरला. आधी त्याने टेस्टर लावला, मग स्वतःचा हात ठेवला आणि डोळे मिटून तसाच बसून राहिला.

रत्नप्रभेने पाय पदराला पुसले, चप्पल घातली, वर चढली. एक बोट, मग अख्खा तळवा पंख्यावर टेकवला.

"सरका जरा," ती म्हणाली, "सगळो वारो तुमीच खातास."