दव न धरणारा सांधा

उष्णता रंगांत दाखवणारा कॅमेरा मी पहिल्यांदा पाहिला तो निवृत्तीच्या वर्षी. तारांचा गरम सांधा पडद्यावर पिवळाजर्द दिसला तेव्हा तरुण पोरं हरखली. आम्हाला असा सांधा शोधायला कॅमेरा नव्हता.

बहात्तरच्या दुष्काळाआधीच्या हिवाळ्यात मी नेवासा तालुक्यातल्या एका छोट्या वीज उपकेंद्रावर ऑपरेटर होतो. एका सकाळी यार्डात फिरताना वर पाहिलं. तारांच्या प्रत्येक सांध्याखाली दवाचे थेंब लोंबत होते, पण मधल्या तारेचा एक सांधा कोरडा ठणठणीत होता. दुसऱ्या दिवशीही तेच. मी आमच्या लाइनमनला दाखवलं.

"आतून तापतोय त्यो," तो म्हणाला. "तुटला तर समदी गावं अंधारात."

मी फोनवर नेवाशाच्या इंजिनिअर साहेबांना सांगितलं. ते हसले. "दवावरून लाइन बंद करू? लोकांच्या गव्हाला पाणी चालू आहे." दुसऱ्यांदा फोन केला तर चिडले. तिसऱ्या दिवशी पाळी संपल्यावर मी सायकल काढली आणि नेवाशाला त्यांच्या टेबलापुढे जाऊन उभा राहिलो.

"साहेब, बंद करू नका. फक्त उद्या सूर्य वर यायच्या आत येऊन बघा. माझं चुकलं तर लेखी मेमो द्या."

ते आले. कानाला मफलर, चेहरा आंबट. वर बघून म्हणाले, "वाऱ्यानंही सुकत असेल."

लाइनमन ख्रिस्ती होता. नाताळात उरलेली एक मेणबत्ती त्याने घरून आणली होती. चालू तारेजवळ न्यायच्या लांब इन्सुलेटेड दांड्याच्या टोकाला ती बांधली. साहेबांनी रबरी हातमोजे चढवले आणि दांडा स्वतःच हातात घेतला. शेजारच्या सांध्याला मेणबत्ती टेकवली. काही झालं नाही. मग कोरड्या सांध्याला टेकवली. मेण लगेच पाघळलं, ओघळून खाली फरशीवर पडलं. साहेबांनी दांडा खाली ठेवला.

"बंद करा," ते म्हणाले.

वीज जाताच कुंपणापाशी चार-पाच शेतकरी जमले. "निम्म्या वाफ्यात पानी हाय, आन् तुमी बंद करता व्हय?" मी बाहेर गेलो. म्हटलं, "एक तास द्या. नाही दिला तर आठ दिवस विजेविना बसाल." ते कुरकुरले, पण बसले.

सांधा उघडला तर बोल्ट ढिले झालेले, आतला भाग काळा पडून खड्ड्याखड्ड्यांनी खाल्लेला. हातात घेतला तर अजून चटका बसत होता. लाइनमनने नवा क्लॅम्प आवळला. साहेबांनी जुना रुमालात गुंडाळून पिशवीत टाकला. पुढच्याच आठवड्यात तालुक्यातल्या सगळ्या उपकेंद्रांना त्यांची चिठ्ठी गेली: दर पंधरवड्याला प्रत्येक सांधा मेण लावून तपासावा.

त्या दिवशी वीज परत आली तेव्हा कुंपणापाशी एकच म्हातारा उरला होता. "एक तास म्हनाला हुता," तो उठत म्हणाला, "दीड झाला." आणि वाफ्याकडे निघाला.