दगडी

हे लिहायचं मी वर्षानुवर्षं टाळलं. लिहिलं तर मी फार हलका दिसतो, आणि तसा मी होतोच.

ऐंशीच्या दशकात सिंदेवाहीजवळ एका मालकाच्या धानशेतीवर मी दिवाणजी होतो. रोवण्याच्या, म्हणजे भातलावणीच्या, बायांवर एक मुकादमीण होती. तिला आम्ही दगडी म्हणायचो. कोणी रडत आलं की ती ना जवळ घेई, ना डोळे पुसे. रोपांची पेंडी हातात देई नि म्हणे, "रड, पण हात चालव." नवऱ्याचा मार खाऊन आलेल्या बाईलाही हेच, सासूवर चिडलेल्या पोरीलाही हेच. एकदा मालकच तिच्यावर खवळले. ती म्हणाली, "मालक, थो धुरा फुटून राह्यला, माती टाका." मालकांनी खरंच फावडं उचलून फुटक्या बांधावर माती टाकली. बाया तोंडाला पदर लावून हसल्या.

माझी वर्षाची मुलगी तापाने गेली. सांत्वनाला रीघ लागली. मालक म्हणाले, "दुसरं होईल." शेजारचे मास्तर मृत्यूवर व्याख्यान झोडून दोनदा चहा प्याले. मेहुणी कोणी बघतंय का ते पाहून रडली. मी तर बायकोला नुसतं "रडू नकोस" म्हणत होतो, कारण तिचं रडणं मला सोसवत नव्हतं.

तिसऱ्या दिवशी दगडी अंगणात आली. "भाऊ, बाईले बांधीत धाडा. रोवणा सुरू हाय."

"तुझं लेकरू गेलं असतं म्हणजे कळलं असतं!" मी सगळ्यांदेखत ओरडलो.

"गेले न, भाऊ. दोन गेले. घरी बसून त्याइचे कपडे किती पाह्यचे?"

बायको उठली, पदर खोचला आणि तिच्यामागे शेताकडे निघाली. संध्याकाळी चिखलाने माखून परतली आणि पोटभर जेवली.

मी दगडीचे पाय धरायला हवे होते. मी मालकांना सांगितलं, बाई उर्मट आहे, काढा. रोवणा संपायच्या आत तिला काढलं. तिच्यासमोर मान वर होत नव्हती, त्यावर मला एवढाच मार्ग सुचला. बायकोने विचारलं तेव्हा "मालकांचा हुकूम" म्हणून मोकळा झालो.

कित्येक वर्षांनी ती चंद्रपूरच्या बसस्टँडवर दिसली. तिनेच हाक मारली. "भाऊ, बाई बरी हाय न?"

"बरी आहे."

"मंग झालं," म्हणत ती मूल गावच्या गाडीत चढली. 'माझं चुकलं' एवढंच म्हणायला मी तिच्या खिडकीपाशी धावलो आणि विचारलं, "बसायला जागा मिळाली का?"