सरावाचा वॉर्ड

ऑफिसात तिला सगळे अक्का म्हणत, अगदी साहेबसुद्धा, आणि साहेब तिच्याहून चार वर्षांनी मोठे. इस्पितळांसाठी सॉफ्टवेअर लिहिण्यात तिची वीस वर्षं गेली होती. हात सावकाश, पण काम चोख. घाई करणाऱ्यांना ती सुनवायची, "आधी कपभर चहा पी, मग बटण दाब."

एकदा मात्र तिनेच घाई केली. नव्या नर्सना सरावासाठी खऱ्या वॉर्डाची संगणकावर हुबेहूब प्रत हवी होती, तीही सोमवारपर्यंत. आता वॉर्ड म्हणजे काही साधी यादी नव्हे. पेशंटची नोंद खाटेकडे बोट दाखवते, खाट पेशंटकडे. पेशंट औषधांच्या कागदाकडे, कागद पुन्हा पेशंटकडे. प्रत काढणारा प्रोग्राम या बोटांमागे घाण्याच्या बैलासारखा फिरत राहिला आणि शेवटी बंद पडला. खरा उपाय अक्काला ठाऊक होता: प्रत काढलेल्या प्रत्येक वस्तूचं टिपण ठेवायचं, ती पुन्हा भेटली की तिच्या नव्या प्रतीकडे बोट वळवायचं. पण त्याला आणखी दोन दिवस लागले असते. तिने औषधांच्या कागदापाशीच फेरा तोडला, कागदाची प्रत काढलीच नाही. सरावातला पेशंट नवा, पण त्याचं बोट जुन्या, खऱ्या कागदाकडेच राहिलं.

गुरुवारी दुपारी वॉर्डाच्या मोठ्या सिस्टरांचा फोन आला. "अहो अक्का, सात नंबरच्या खाटेची मधुमेहाची गोळी पडद्यावरून गायब झालीय. मी कागदी फाइल बघून दिली म्हणून निभावलं."

अक्काच्या लगेच लक्षात आलं. सरावात कुणीतरी गोळी बंद केली होती आणि ती खऱ्या माणसाची बंद झाली होती. तिने सराव तिथल्या तिथे थांबवला.

"गोळी चुकली नाही ना?" साहेब म्हणाले. "मग झाकली मूठ सव्वा लाखाची."

"मूठ माझी आहे साहेब, मीच उघडते," म्हणत ती इस्पितळात गेली.

सिस्टर चिडल्या नाहीत. सगळं ऐकून एवढंच म्हणाल्या, "हे माझ्या लक्षात आलं. जे नाही आलं, त्याचं काय?"

दोघी बसल्या आणि तीस खाटांच्या फायली पडद्याशी ताडून पाहू लागल्या. एकोणीस नंबरची फिट्सची गोळी मंगळवारपासून पडद्यावर नव्हती, म्हणून दिलीही गेली नव्हती. त्या खाटेवरच्या आजोबांना सकाळीच फिटचा झटका आला होता आणि तो कशाने, हे डॉक्टरांनाही कळत नव्हतं.

सिस्टर डॉक्टरांना गाठायला धावल्या. अक्का खाटेपाशी गेली. आजोबा ग्लानीत होते, उशाशी आजी बसल्या होत्या. अक्काला डॉक्टर समजून त्या घाईघाईने बोलू लागल्या, "बाई, माझंच चुकलं. काल भांडले मी त्यांच्याशी, नको नको ते बोलले. त्यानेच झालं हे. मुलांना सांगू नका हो."

अक्का त्यांच्याशेजारी टेकली. तिने आजींचा हात हातात घेतला. "आजी, तुमच्या बोलण्याने काही झालेलं नाही. त्यांची गोळी तीन दिवस चुकली, आणि ती माझ्यामुळे चुकली. मुलांना मी सांगेन."

आजींनी सुटकेचा श्वास टाकला. मग हळूच आपला हात सोडवून घेतला.