रणगाड्याच्या पोटातलं काम

पडदा वर जातो तेव्हा दिसते ती एका घराची मागची गॅलरी. दोरीवर वाळत घातलेले टॉवेल, त्यांच्याखाली पाटाएवढं टेबल, त्याला आवळलेला छोटा व्हाइस, आणि टेबलावर वाकलेली एक पाठ. ती पाठ डेंटिस्टची. माणसांचे दात काढणारे डेंटिस्ट नव्हेत हो! उभी हयात कारखान्यात गिअरचे दात पाडण्यात गेली, म्हणून सोबत्यांनी ठेवलेलं हे नाव. त्यांच्या स्वतःच्या तोंडात कवळी होती, आणि त्यावरचा विनोद दुसऱ्या कुणी करायच्या आत ते स्वतःच करून टाकत.

कारखाना बंद पडला आणि माणूस घरात अडगळीसारखा झाला. मुलगा ऑफिसात साहेब. बापलेकांत उरलेलं बोलणं म्हणजे "जेवलात का?" आणि "पंखा बंद कर". मुलाला मॉडेलं करण्याचा नाद. त्याने खऱ्याच्या सोळाव्या हिश्शाचा रणगाडा करायला घेतला होता. वरचं अंग झकास; गंजाचे डाग काय, चिखलाचे शिंतोडे काय, बघत राहावं. पण चालवायला गेला की आतले प्लॅस्टिकचे गिअर दात गाळून बसत. दोनदा नवे घातले, दोनदा तेच. शेवटी एका रविवारी साहेब गॅलरीच्या दारात उभे राहिले.

"बाबा, आतलं तेवढं बघता का?"

डेंटिस्टनी चष्मा कपाळावर सरकवला. "तेवढं? अरे, आतलं म्हणजे सगळंच की!"

झालं, त्या दिवसापासून म्हातारा तरणा झाला. ओळखीच्या वर्कशॉपमध्ये जाऊन पितळेचे गिअर स्वतःच्या हाताने पाडून आणले. दोन पट्टे, म्हणून दोन मोटारी. पण रणगाड्याचं पोट अरुंद, दोघी एका तोंडाने मावेनात. मग एकीचं तोंड इकडे, दुसरीचं तिकडे. पहिल्यांदा बॅटरी जोडली आणि एक पट्टा पुढे, एक मागे! रणगाडा जागच्या जागी भिंगरीसारखा गरगरला.

"अगदी तुमच्या वळणावर गेलाय," बायको दारातून म्हणाली. "सगळी धावपळ, आणि जायचं कुठेच नाही."

डेंटिस्ट डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसले आणि एका मोटारीच्या तारा उलट्या जोडल्या.

प्रत्येक मोटारीपुढे त्यांनी वर्म बसवला. स्क्रूसारख्या आट्यांचा हा दांडा मोटारीने फिरवला की चाक फिरतं. चाकाकडून जोर लावा, ढिम्म हलत नाही. त्यामुळे रणगाडा चढावरही घट्ट उभा राही. पण कुणी हाताने ढकलला तर दात मोडायचे. म्हणून दोन्ही बाजूंना, पट्टा ओढणारं चाक आणि त्याचा आस यांच्यामध्ये त्यांनी पितळेची बारीक, मऊ पिन घातली. मुलाला शेजारी बसवून सांगितलं, "हाताने ढकलायचा नाही. ढकललास तर ही पिन तुटेल, बाकी सगळं वाचेल. दुसरी पिन घालायला पाच मिनिटं. कळलं?"

"हं," मुलगा मोबाइलकडे बघत म्हणाला.

मॉडेलवाल्यांच्या प्रदर्शनात स्पर्धाही होती. त्या दिवशी डेंटिस्टनी इस्त्रीचा शर्ट काढला.

"अहो, मुलगी बघायला निघालात की काय?"

"चेष्टा कर तू. आज चार लोकांत पोरगा सांगणार, हे माझ्या बापाने केलंय म्हणून. दुसरं काय हवंय मला?"

हॉलमध्ये रणगाडा लाकडी चढण चढला, माथ्यावर थांबला, तसूभर मागे आला नाही. घोळका जमला. परीक्षक गुडघ्यावर बसले, कान जवळ नेला. "वा! काय सफाई आहे! गिअरबॉक्स कुणाचा हो?"

डेंटिस्ट अर्धं पाऊल पुढे आले. एंट्रीच्या आधी विंगेत नट जसा श्वास घेतो, तसा त्यांनी घेतला. मुलाने वळून बापाकडे पाहिलं. जाड बोटं, नखांत मुरलेलं काळं तेल. मग तो परीक्षकांना म्हणाला, "इम्पोर्टेड आहे, सर. बाहेरून मागवला."

नाटकात दोऱ्या ओढणाऱ्यांना पडद्यापुढे कुणी बोलावत नाही, हे मान्य. पण दोऱ्या आपोआप ओढल्या गेल्या, असंही कुणी सांगत नाही.

एवढ्यात कुणीतरी फोटो मागितला. मुलाने घाईघाईत रणगाडा हातानेच पुढे रेटला. कट्! बारीकसा आवाज झाला. बटण दाबलं तर एक पट्टा फिरतोय, दुसरा मेलेला.

"अरे, पिन गेली," डेंटिस्टचा हात खिशाकडे गेला. जास्तीच्या पिना त्यांनी बरोबर आणल्या होत्या. "सरक, मी..."

"बाबा, हात नका लावू!" मुलगा दात आवळून म्हणाला. मग परीक्षकांकडे बघून हसला. "नाजूक काम आहे, सर. कंपनीकडेच पाठवावा लागेल."

"अरेरे. मग स्पर्धेतून बाद धरावा लागेल."

"चालेल, सर."

चालेल! पिना होत्या, बाप होता, पाच मिनिटंही होती. पण बापाने झाकण उघडलं असतं तर ते काम कुणाचं, हे घोळक्याला दिसलं असतं. हरणं त्याला परवडलं.

परीक्षक भला माणूस. उठता उठता त्यांचं लक्ष म्हाताऱ्याकडे गेलं. "काका, तुम्हालाही यंत्रांची आवड दिसते?"

मुलाचा चेहरा पांढराफटक पडला. डेंटिस्टनी त्याच्याकडे एकदा नीट पाहिलं आणि रिकामा हात खिशातून बाहेर काढला.

"छे हो, मला काय कळतंय त्यातलं? जड आहे ना, उचलायला आलोय."