शेगडीचा डावा बर्नर

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. आमच्या गॅसच्या शेगडीचा डावा बर्नर आईने नाही, मी बिघडवला.

आज दुरुस्तीवाल्याने तो काढून खिडकीच्या उजेडात धरला, तेव्हा त्यावरचा केसाएवढा तडा दिसला. "काका, आता काचेची नवी शेगडी घ्या. ही म्हातारी झाली." माझी बायको सुनंदा हसली. "म्हातारी कसली! आमच्या सासूबाईंनी तापलेल्या बर्नरवर गार पाणी ओतलं होतं."

ओतलं होतं मी. त्या सकाळी दुधाकडे बघ म्हणून आईने मला बसवलेलं, आणि मी पेपरात डोकं घालून. दूध उतू गेलं तसा घाबरून मी तांब्याच रिकामा केला. सुनंदा धावत आली. आईने माझ्याकडे एकदाच पाहिलं आणि म्हणाली, "माझाच हात चुकला गं."

त्यानंतर सुनंदाने काळजीपोटी तिला गॅसजवळ फिरकू दिलं नाही. जन्मभर रांधलेली ती बाई शेवटपर्यंत दाराशी बसून मटार सोलत राहिली, पण माझं नाव तिने घेतलं नाही. कुणीतरी आपली चूक अशी मुकाट्याने पदरात घेतं, म्हणून तर आपण घरात मान वर करून वावरतो. एवढं प्रेम माझ्या वाट्याला आलं.

"बर्नर तेवढा बदला," मी म्हटलं, "शेगडी राहू द्या."

आईवरचा ठपका सुनंदासमोर पुसायचा आहे; तेवढं देणं मी अजून लागतो.